पासबुकात नोव्हेंबर दिसत नाही

वाचकाचं पत्र

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फौंड्रीवाल्यांकडून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, मशिनिंग करून आम्ही परत देतो. मी आणि माझे दीर, अशी दोघांची भागीदारी. पगारावर मॅनेजर धरून १६ माणसं, शिवाय फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, ठेकेदाराची सहा. दिवाळीनंतर एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिलं अडकवून ठेवली. नोव्हेंबर-डिसेंबरचे पगार आम्ही वेळेवर केले. त्यातून पीएफ आणि मॅनेजरचा टीडीएस (पगारातूनच कापायचा आयकर) कापला, पण भरला नाही. ते पैसे लाइट बिलात आणि टूल्समध्ये गेले. मागच्या आठवड्यात आमचे सगळ्यात जुने टर्नर ऑफिसात आले, मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, पासबुकात नोव्हेंबर दिसत नाही." त्यांना मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून रक्कम काढायची आहे. मला काय बोलावं सुचलं नाही. दीर म्हणतात, मार्चला सगळं एकदम भरून टाकू.

शिवाय ठेकेदाराचं बिल महिन्याला ८५,००० होतं. तो म्हणतो, "माझं रिटर्न मी भरतो, कापू नका," म्हणून कापत नाही. इन्स्पेक्शनला चार महिला आहेत, पगार १८,०००. त्यांचा २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापतो. यात काही चुकतंय का? रात्री झोप लागत नाही.

— एक वाचक, शिरोली (२७ जानेवारी २०२६)

उत्तर

ताई,

मार्चपर्यंत थांबू नका. हे सदर तुमच्या हाती पडेल तेव्हा फेब्रुवारी नुकता लागलेला असेल. जानेवारीच्या टीडीएससाठी ७ आणि पीएफसाठी १५ फेब्रुवारी, या दोन तारखा अजून तुमच्या हातात आहेत, त्या जाऊ देऊ नका.

तुम्ही पत्रात "कापला, पण भरला नाही" असं एका दमात लिहिलंय, पण राहिलेल्या पैशांचे दोन प्रकार आहेत. पीएफमध्ये मालकाचा १२ टक्के वाटा असतो. तो तुमच्या खिशातला आहे. उशिरा भरलात तर व्याज लागेल, दंड लागेल, पण ते तुमचं देणं आहे. टर्नरकाकांच्या पगारातून कापलेले १,८०० रुपये मात्र त्यांनी आधीच कमावलेले आहेत. महिनाभर मशीनवर उभं राहून त्यांनी ते मिळवले आणि सरकारदरबारी पोचवायला तुमच्या हातात दिले. धंद्यात अडचण आली म्हणून आपण आपले पैसे फिरवतो, ते ठीक. हे फिरवायचे पैसेच नव्हते.

कायदाही हा भेद फार कडकपणे करतो. पीएफचा कामगाराचा वाटा कापून न भरणं म्हणजे विश्वासघात, असं पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात होतं. आता तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आलंय. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. दिरांना हे वाक्य वाचून दाखवा, एवढ्यासाठी लिहितोय.

आयकरातही तसंच. मालकाचा वाटा विवरणपत्राच्या मुदतीआधी भरला की खर्च म्हणून मिळतो. कामगाराचा वाटा मात्र पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरला नाही, तर तो खर्च म्हणून कधीच मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ ला चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात हे पक्कं केलं. तुमचा आकडा मांडतो. १६ जण, प्रत्येकी १५,००० वर १२ टक्के, म्हणजे महिन्याला २८,८०० कामगारांचे. दोन महिन्यांचे ५७,६०० तुमच्या फर्मच्या उत्पन्नात मिळवले जातील आणि सेस धरून ३१.२ टक्क्यांनी त्यावर जवळजवळ १८,००० रुपये कर बसेल. हा फटका आता टळत नाही. जानेवारीचा हप्ता १५ फेब्रुवारीच्या आत गेला तर निदान तिसरा महिना त्यात पडणार नाही. मार्चपर्यंत थांबलात तर तोही पडेल.

पीएफचं पूर्ण चलन तुमच्याकडे महिन्याला ६०,००० चं होतं. कामगारांचे २८,८००, तुमचे तेवढेच, आणि विमा व प्रशासन खर्चाचा अर्धा-अर्धा टक्का मिळून २,४००. दोन महिने मागचे, म्हणजे १,२०,०००. त्यावर वर्षाला १२ टक्के दराने व्याज. ६ फेब्रुवारीला भरलंत तर ते दीड हजाराच्या आतच राहतं. उशिराबद्दलचा दंड वेगळा लागेल, त्याची नोटीस नंतर येईल. ती आली की भरून टाका.

पैसे कुठून आणायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच आहे. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा शिल्लक असेल तर तिथून काढा. टीडीएस कापून न भरण्याचं व्याज महिन्याला दीड टक्का आहे, म्हणजे वर्षाला १८. बँक त्याहून स्वस्त पडते. गिऱ्हाइकाचंही बघू. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडकवता येत नाहीत. त्यापुढे त्यांनी तुम्हाला बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचं असतं. शिवाय या मुदतीनंतरची आणि ३१ मार्चला थकलेली रक्कम आयकराच्या कलम ४३ बी (एच) खाली त्यांना त्या वर्षी खर्चात मिळत नाही. त्यांच्या अकाउंट्स विभागाला हे कलम घालून एक साधं पत्र पाठवा, उद्यम क्रमांकासह. फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा पत्राकडे लक्ष जातं.

आता मॅनेजर. पगार तुम्ही लिहिलेला नाही, पण टीडीएस कापताय म्हणजे नव्या करप्रणालीत वर्षाला १२.७५ लाखांच्या वर असणार. त्याखाली असता तर ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि कलम ८७ ए ची सूट मिळून कर शून्य झाला असता. उदाहरणादाखल महिना १,१५,००० धरू. वर्षाचे १३,८०,०००, वजावट जाऊन १३,०५,०००. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारावर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या १,०५,००० वर १५ टक्क्यांनी १५,७५०. एकूण ७५,७५० आणि ४ टक्के सेस धरून ७८,७८०. बारा महिन्यांत वाटले की महिन्याला ६,५६५. जुनी करप्रणाली हवी असेल तर त्यांनी तसं लेखी सांगून गुंतवणुकीचे पुरावे द्यायचे. ते तुम्ही परस्पर ठरवू नका.

३० नोव्हेंबरला कापलेला टीडीएस ७ डिसेंबरपर्यंत भरायचा होता. व्याज मात्र ७ डिसेंबरपासून मोजत नाहीत. कापल्या तारखेपासून मोजतात, आणि महिन्याचा तुकडासुद्धा पूर्ण महिना धरतात. म्हणून नोव्हेंबरचा हप्ता ६ फेब्रुवारीला भरलात तर नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे चार महिने, ६ टक्के, म्हणजे ३९४ रुपये. डिसेंबरच्या हप्त्याचे तीन महिने, २९५ रुपये. बहुतेकांना माहीत नसतं की ७ च्या ऐवजी ८ तारखेला चलन भरलं तरी दोन महिन्यांचं व्याज लागतं, एका दिवसासाठी ३ टक्के. जानेवारीत कापलेला ७ फेब्रुवारीच्या आत भरा, त्याला काही लागणार नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचं फॉर्म २४ क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं विवरणपत्र, ३१ जानेवारीपर्यंत द्यायचं होतं. आधी चलन भरा, मग फॉर्म द्या. रोजचे २०० रुपये विलंब शुल्क चालू झालंय. ६ तारखेला दिलंत तर १,२०० होतील. टीडीएसच्या रकमेपेक्षा ते जास्त होत नाही, पण तिथवर कशाला न्यायचं? कापून न भरण्याबद्दल कलम २७६ बी खाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. नोटीस यायच्या आत आपणहून व्याजासकट भरणं, हेच तुमच्या हातात आहे.

एक गोष्ट आठवून बघा, ताई. तुम्ही जॉबवर्क करता, माल गिऱ्हाइकाचा असतो. म्हणून गिऱ्हाईक तुमच्या बिलातून, तुम्ही फर्म असल्यामुळे, २ टक्के टीडीएस कापतं. दरवर्षी तुम्ही २६ एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा उतारा, उघडून बसत असाल, बिलांच्या यादीशी आकडे लावत असाल, आणि एखाद्याने कापून भरलेलं नसलं की फोनवर फोन करत असाल. "आमचे पैसे कापलेत, मग दिसत का नाहीत?" टर्नरकाकांनी मोबाइल टेबलावर ठेवला तेव्हा ते हेच विचारत होते. फरक एवढाच की तुम्ही गिऱ्हाइकाला फोन करू शकता. त्यांना सोमवारी सकाळी पुन्हा तुमच्याच मशीनवर उभं राहायचं असतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नवरा गेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत चौदा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा होत्या, प्रत्येक स्लिपेवर पीएफची कपात, आणि खात्यात त्यातलं काहीच नाही. स्लिपा नीट घडी घालून, महिन्यांच्या क्रमाने लावलेल्या होत्या. त्या माणसाने प्रत्येक महिन्याला ती स्लिप घरी नेली आणि पैसे जमा होताहेत असं धरून चालला. कारखाना तोवर बंद पडला होता. त्या पिशवीपायी त्या बाईंनी पीएफ कार्यालयाच्या किती खेपा घातल्या, ते मी पाहिलंय. म्हणून या प्रश्नावर मी इतका अडून बसतो.

ठेकेदाराचं आता. "माझं रिटर्न मी भरतो, कापू नका," हे म्हणणं त्याचं, जबाबदारी तुमची. कलम १९४ सी खाली एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली, किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, की कापावंच लागतं. तो व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. पॅन दिला नाही तर २० टक्के. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर कापायचा नाही. तुमच्या ठेकेदाराचे महिन्याला ८५० रुपये होतात. एप्रिलपासून जानेवारीपर्यंत ८,५००.

हे ८,५०० फेब्रुवारीच्या बिलातून कापून घ्या, त्याला आधी सांगून. कापायला उशीर झाल्याचं व्याज महिन्याला १ टक्का. बिलं दरमहा महिनाअखेरची धरली तर सगळं मिळून ५५० रुपयांच्या आसपास. हे केलं नाहीत, तर कलम ४० (ए) (आयए) प्रमाणे ८,५०,००० च्या ३० टक्के, म्हणजे २,५५,००० रुपयांचा खर्च नामंजूर होईल आणि त्यावर फर्मला ७९,५६० रुपये कर बसेल. साडेपाचशे रुपये आणि ऐंशी हजार रुपये, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून दिरांना दाखवा. ठेकेदाराने खरोखरच ते उत्पन्न दाखवून कर भरला असेल, तर सीएच्या दाखल्यासह फॉर्म २६ ए देऊन सुटण्याची एक वाट आहे. पण वर्ष अजून चालू आहे, सरळ कापणं सोपं.

त्याच्या सहा माणसांच्या पीएफकडेही बघा. ती माणसं तुमच्या शेडमध्ये काम करतात. ठेकेदाराने भरला नाही तर पीएफवाले मुख्य मालक म्हणून तुमच्याकडे येतात. महिन्याचं बिल पास करायच्या आधी मागच्या महिन्याचं चलन आणि नावांची यादी मागायची. यादीत सहाही नावं आहेत का, हे हजेरीशी लावून बघायचं. २१,००० पर्यंत पगाराच्या माणसांच्या ईएसआयलाही (कामगार विम्यालाही) हाच नियम लावा. कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, तेही १५ तारखेच्या आत.

आता त्या चार महिला. हो ताई, इथे चुकतंय. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही. पुरुषांना ७,५०० च्या वर १७५ आणि १०,००० च्या वर २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. तो तसाच आहे. महिलांची मर्यादा आधी १०,००० होती. तुमच्या पगारपत्रकात जुनंच सूत्र राहून गेलं असावं, सॉफ्टवेअरमध्ये असं फार ठिकाणी झालंय. फेब्रुवारीचे ३०० कापू नका. आणि कापलेले परत करा. एप्रिल २०२३ पासून प्रत्येकीचे पहिल्या दोन वर्षांचे २,५०० प्रमाणे ५,०००, या वर्षी जानेवारीपर्यंतचे २,०००, म्हणजे ७,०००. चौघींचे २८,०००. जादा भरलेली रक्कम राज्याच्या विक्रीकर विभागाकडून, म्हणजे आताच्या जीएसटी कार्यालयाकडून परत किंवा समायोजित करून घ्यायचं तुमच्या सल्लागाराला सांगा, पण त्यासाठी त्या चौघींना थांबवू नका. अठरा हजारांच्या पगारात सात हजार म्हणजे मुलाच्या शाळेची फी असते. हातात पैसे नाहीत हे मला कळतंय. दोन हप्त्यांत द्या, पण कुठल्या महिन्यात किती देणार ते आजच सांगा.

बाकीचं थोडक्यात. तुम्ही आणि दीर फर्ममधून पगार किंवा भांडवलावर व्याज घेत असाल, तर १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४ टी लागू झालंय. वर्षाला २०,००० च्या वर गेलं की फर्मने भागीदाराच्या रकमेतून १० टक्के कापायचे. रक्कम भांडवल खात्यात नुसती जमा केली तरी. नफ्याच्या वाटणीला हे नाही. हे कलम नवं आहे आणि मी बघतोय तर निम्म्या फर्मांना अजून पत्ता नाही. टेंपोवाल्याकडे दहा किंवा कमी गाड्या असतील आणि तो तसं पॅनसह लिहून देत असेल तर त्याचं कापायचं नाही. ते पत्र मात्र फाइलला हवं. सीएच्या फीवर १० टक्के, वर्षाला ५०,००० च्या वर गेली तर. शेडचं भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तरच १० टक्के. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा येतोय. त्यात पगाराचं कलम ३९२ आणि बाकी बहुतेक सगळ्या कपाती ३९३ मध्ये एकत्र आल्यात, म्हणून पुढच्या वर्षी चलनावर वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात. त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरतात. तुमच्याकडे पीएफ पूर्ण १५,००० वर कापताय, म्हणून पीएफला फरक पडू नये, पण पगारपत्रकाची मांडणी एकदा तपासून घ्या.

पुढे हे पुन्हा होऊ नये म्हणून माझ्या पक्षकारांना मी एकच सवय लावतो. त्याच बँकेत एक वेगळं चालू खातं उघडायचं. पगाराच्या दिवशी, पगार सोडायच्या त्याच बैठकीत, कापलेली सगळी रक्कम त्या खात्यात टाकायची. त्या खात्याचं चेकबुक दिरांकडेही नको आणि तुमच्याकडेही एकटीकडे नको, दोघांच्या सहीनेच पैसे निघावेत. चालू खात्यात शिल्लक दिसते म्हणून माणूस खर्च करतो. शिल्लक दिसलीच नाही तर लाइट बिलासाठी दुसरी वाट शोधतो.

आता टर्नरकाकांशी कसं बोलायचं. उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्यांना ऑफिसात बोलवा, बसायला सांगा. गिऱ्हाइकाचं कारण पहिल्या वाक्यात नको. "काका, नोव्हेंबर-डिसेंबरचा पीएफ आम्ही कापला आणि भरला नाही. चूक आमची. या तारखेला भरतोय," एवढं आधी सांगा आणि तारीख तारखेसारखी सांगा, 'लवकरच' म्हणू नका. दीरही त्या वेळी खोलीत असू देत. लग्न कधी आहे ते विचारा. चलन भरल्यावर पासबुकात नोंद यायला थोडे दिवस जातात. त्याआधी त्यांना पैशांची गरज असेल तर दोन महिन्यांची रक्कम अडेल म्हणून त्यांचं काम थांबायला नको. मागच्या शिलकीवर अर्ज करता येतो, तो भरायला तुमच्या ऑफिसातल्या मुलीला त्यांच्याबरोबर बसवा. केवायसीत बँक खातं आणि आधार जुळतंय का, तेही बघा, अर्ज बरेचदा तिथेच अडकतो. बाकीच्या चौदा जणांना आणि मॅनेजरलाही त्याच दिवशी सांगा. काकांनी मोबाइल दाखवला म्हणजे कॅंटीनमध्ये ही गोष्ट केव्हाच पोचलेली आहे.

पासबुकात नोव्हेंबर दिसायला लागला की मला दोन ओळी लिहा.